काट्याचं वजन कम्प्युटरवर येत नाही: दर उन्हाळ्यात जळणाऱ्या सिरियल पोर्टचा इलाज

“भाऊ, वजन येऊन नाही राहिलं. काट्यावर बरोबर दिसून राहिलं, पण कम्प्युटरवर शून्यच.”

हा फोन नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागायच्या सुमारास येतोच. नागपुरात भंडारा रोडला, कळमन्याच्या बाजूनं एक धर्मकाटा, म्हणजे अख्खा ट्रक तोलायचा काटा आहे. तिथला पोरगा बोलत असतो आणि मागून ट्रकचे हॉर्न ऐकू येत असतात. स्क्रीनवर वजन आलं नाही तर पावती निघत नाही, आणि पावती नाही तर गाडी हलत नाही. सलग तीन उन्हाळे तिथे हेच झालं. पहिल्या वर्षी कोणीतरी यूएसबी-टू-सिरियल कन्व्हर्टर बदलून दिला आणि काम सुरू झालं. दुसऱ्या वर्षी मी बदलला. तिसऱ्या वर्षी नवा कन्व्हर्टर आठ दिवसांत गेला, तेव्हा ठरवलं की कारण सापडल्याशिवाय केबिनमधून उठायचं नाही.

नागपुरात अशी यंत्रं अजून खूप आहेत. इतवारीतल्या होलसेल दुकानांतले काटे, बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांतली जुनी मशीन, पॅथॉलॉजी लॅबमधले अ‍ॅनालायझर, सगळे आरएस-२३२ या सिरियल पोर्टवर बोलतात. हे मानक १९६० सालचं. यंत्र ठणठणीत असतं, फक्त त्याला जोडायचा पोर्ट नव्या कम्प्युटरला नसतो. म्हणून मधे कन्व्हर्टर येतो, आणि बिघाड झाला की पहिला संशयही त्याच्यावरच जातो. माझा अनुभव असा की दहापैकी बऱ्याच वेळा दोष दुसरीकडेच असतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. काट्याच्या इंडिकेटरला, म्हणजे वजनाचे आकडे दाखवणाऱ्या डब्याला, वैधमापन खात्याचं सील असतं. ते तोडून आत बघायचं नाही. खाली जे सांगितलंय ते सगळं बाहेरून करता येतं.

आधी लक्षण नीट बघा

“चालत नाही” म्हणजे नेमकं काय, ते विचारा. काहीच येत नाही, की वेडीवाकडी अक्षरं येतात? सकाळी चालतं आणि दुपारी बंद पडतं? की चालतं, पण माऊस भलतीकडे पळतो? या चारही गोष्टींची कारणं वेगळी आहेत.

बघण्यासाठी पुटी नावाचा छोटा फुकट प्रोग्राम पुरतो. जुन्या लोकांना हायपरटर्मिनल आठवत असेल, तो विंडोज एक्सपीपर्यंत सोबत यायचा, व्हिस्टापासून गेला. काट्याचं सॉफ्टवेअर पूर्ण बंद करा, कारण एक कॉम पोर्ट (विंडोज सिरियल पोर्टांना कॉम १, कॉम २ अशी नावं देतं) एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतो. मग पुटीत सिरियल निवडा, कॉम नंबर आणि स्पीड टाका. वजनाचे आकडे धाडधाड खाली सरकू लागले तर केबल, कन्व्हर्टर, इंडिकेटर सगळं ठीक आहे आणि गडबड सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आहे. एवढ्या एका चाचणीनं अर्धा शोध संपतो.

काहीच येत नसेल तर

सर्वांत जास्त वेळा सापडणारं कारण साधं आहे: कोणीतरी टेबल पुसताना कन्व्हर्टर एका यूएसबी खाचेतून काढून दुसरीत लावला. सॉफ्टवेअरमध्ये कॉम ३ भरलेला असतो आणि विंडोजनं आता त्याला कॉम ७ केलेलं असतं. कन्व्हर्टरच्या चिपमध्ये स्वतःचा अनुक्रमांक असेल तर विंडोज त्याला कुठेही ओळखतं. बऱ्याच स्वस्त चिपमध्ये तो नसतो, म्हणून विंडोज खाचेवरून ओळख ठरवतं. खाच बदलली की त्याच्या लेखी ते नवं यंत्र झालं, आणि नंबरही नवा.

डिव्हाइस मॅनेजर उघडा, पोर्ट्समध्ये कन्व्हर्टरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड. तिथे कॉम नंबर हातानं बदलता येतो. हवा तो नंबर “इन यूज” दाखवत असेल तर घाबरू नका. बहुतेक वेळा तो जुन्या, मेलेल्या कन्व्हर्टरनं अडवून ठेवलेला असतो. व्ह्यू मेन्यूतून लपलेली उपकरणं दाखवायला सांगा, फिकट दिसणाऱ्या नोंदी अनइन्स्टॉल करा, मग तो नंबर मोकळा होतो. त्या धर्मकाट्यावर अशा सहा फिकट नोंदी निघाल्या. प्रत्येक उन्हाळ्याची आठवण म्हणा.

नंबर शक्यतो १ ते ४ मध्येच ठेवा. मूळ पीसीच्या बायोसमध्ये, म्हणजे कम्प्युटर सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, चारच सिरियल पोर्टांची जागा होती, त्यामुळे जुन्या सॉफ्टवेअरच्या यादीत पुढचा नंबरच नसतो. आणि ज्या खाचेत कन्व्हर्टर आहे तिच्यावर रंगीत चिकटपट्टी लावा. मी लाल लावतो.

नंबर बरोबर असूनही शांतता असेल तर कन्व्हर्टर जिवंत आहे का ते बघा. काट्याची केबल काढा. नऊ पिनांच्या पोर्टात २ आणि ३ या पिना एका बारीक तारेनं जोडा. २ म्हणजे ऐकणारी, ३ म्हणजे बोलणारी, ५ म्हणजे ग्राउंड. पिनांचे आकडे प्लास्टिकवर इतके बारीक कोरलेले असतात की नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत, मोबाईलनं फोटो काढून मोठा करा. आता पुटीत काही टाइप करा. टाइप केलेलं अक्षर परत स्क्रीनवर उमटलं तर कन्व्हर्टर स्वतःचं बोलणं स्वतः ऐकतोय, म्हणजे चांगला आहे. तार काढल्यावर उमटणं थांबलं पाहिजे.

मग काट्याकडून येणारी केबल तपासा. मल्टिमीटर डीसीवर ठेवून तिच्या २ आणि ५ नंबरच्या भोकांत मोजा. आरएस-२३२ मध्ये शांत तार उणे व्होल्टवर असते, साधारण उणे ५ ते उणे १२. काटा सतत डेटा पाठवत असेल तर आकडा थरथरतो. पक्कं शून्य आलं तर केबल तुटली आहे किंवा इंडिकेटरचा पोर्ट गेला आहे. २ वर शून्य आणि ३ वर उणे व्होल्ट आले तर सिग्नल उलट्या पिनेवर येतोय, तिथे क्रॉस केबल, म्हणजे २ आणि ३ च्या तारा अदलाबदल केलेली केबल लागेल. आणि शांत असताना अधिक ३ किंवा अधिक ५ व्होल्ट आले तर ते आरएस-२३२ नाहीच, ती टीटीएल, म्हणजे चिपांची आपसात बोलायची कमी व्होल्टची पातळी आहे, तिचा कन्व्हर्टर वेगळा मिळतो.

पिनांकडेही बघा. आपल्याकडे कूलर अगदी टेबलाला वारा लागेल असा ठेवतात. त्याच्या दमट हवेत पिनांवर हिरवट भुकटी धरते. ती आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं काढा. पॉलिशपेपर घासू नका, पिनांवरचा सोन्याचा पातळ मुलामा निघून जातो आणि महिन्याभरात पुन्हा तेच होतं. केबलचे दोन्ही बाजूंचे स्क्रू घट्ट करा. भरलेला ट्रक काट्यावर चढला की केबिनमधलं टेबल हादरतं, आणि स्क्रू न लावलेली केबल दिवसाला केसभर सरकत बाहेर येते.

आकडे येतात पण चुकीचे

स्पीड चुकला असेल तर सगळंच कचरा दिसतं. १२००, २४००, ४८००, ९६०० असे एकेक लावून बघा. पण एक लक्षण फार नेमकं आहे, ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. ०, ३, ५, ६, ९ हे आकडे बरोबर दिसत असतील आणि १, २, ४, ७, ८ च्या जागी विचित्र चिन्हं येत असतील, तर स्पीड बरोबर आहे, पॅरिटी, म्हणजे चूक पकडायला प्रत्येक अक्षराला जोडलेला जादा बिट, चुकली आहे. काटा सात बिट आणि इव्हन पॅरिटीनं पाठवतोय, आणि कम्प्युटर आठ बिट, नो पॅरिटी समजून वाचतोय. पहिल्या गटातल्या आकड्यांच्या सात बिटांत एकची संख्या सम असते, म्हणून त्यांचा पॅरिटी बिट शून्य राहतो आणि ते सुखरूप पोचतात. दुसऱ्या गटात तो एक होतो आणि कम्प्युटर त्याला अक्षराचाच भाग समजतो. सात बिट, इव्हन करा, सगळे आकडे जागेवर येतात.

माऊस आपोआप पळतो

याबद्दल मला तळमळीनं लिहायचं आहे, कारण यापायी लोकांचे दिवस आणि पैसे वाया जाताना मी पाहिले आहेत. कम्प्युटर सुरू झाल्यावर बाण स्क्रीनभर उड्या मारतो, आपोआप क्लिक होतात, फोल्डर उघडतात. एका दुकानात व्हायरस समजून दोनदा फॉरमॅट मारलं होतं. दुसऱ्या फॉरमॅटमध्ये तीन वर्षांची उधारीची नोंद गेली. त्या काकाजींचा चेहरा मला अजून आठवतो.

व्हायरस नव्हता. नव्वदच्या दशकात माऊस सिरियल पोर्टलाच लागायचा, आणि विंडोजनं ती आठवण अजून जपून ठेवली आहे. कॉम पोर्टवर नवं काही दिसलं की ते तपासतं की हा माऊस तर नाही ना. त्याच क्षणी काटा सतत वजन पाठवत असेल तर ते आकडे विंडोजला माऊसच्या हालचालीसारखे वाटतात. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊसच्या यादीत “मायक्रोसॉफ्ट सिरियल बॉलपॉइंट” असं एक नाव उगवतं, आणि १२ टन ४६० किलो वजन बाणाला ढकलत सुटतं.

इलाज असा: इंडिकेटर बंद करा, बाण शांत होईल. तो परत सुरू करा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डनं त्या बॉलपॉइंटपर्यंत जा आणि त्याला डिसेबल करा. अनइन्स्टॉल करू नका, पुढच्या वेळी तो परत येतो. काही कन्व्हर्टरच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये सिरियल एन्युमरेटर असा एक चौकोन असतो, त्यावरची खूण काढली तर ही तपासणीच बंद होते. इंडिकेटरला “सतत पाठव” ऐवजी “मागितल्यावर पाठव” अशी सेटिंग असेल आणि सॉफ्टवेअरला चालत असेल तर तेही करा.

दुपारी बंद पडणाऱ्या काट्यांचं उत्तर बहुधा वीजबचतीत असतं. गर्दी नसली की विंडोज यूएसबी खाच झोपवतं आणि काही कन्व्हर्टर त्यातून नीट उठत नाहीत. यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी बंद करू देण्याची खूण काढा, आणि पॉवर ऑप्शन्समधून सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा.

मग कन्व्हर्टर जळतो का?

आता मूळ दुखण्यावर येतो. त्या धर्मकाट्यावर तिसऱ्या वर्षी मी वरचं सगळं केलं. कन्व्हर्टर खरंच मेला होता, २ आणि ३ जोडून काहीच परत येत नव्हतं. नवा लावण्याआधी कॅबिनेटच्या मागच्या उघड्या पत्र्याला हाताची पाठ लागली आणि झिणझिण्या आल्या. पोरगा म्हणाला, “हो भाऊ, उन्हाळ्यात करंट मारूनच राहते हे.”

मीटर एसीवर लावला. एक टोक कॅबिनेटच्या पत्र्याला, दुसरं काट्याच्या प्लॅटफॉर्मच्या लोखंडाला. ९६ व्होल्ट.

कारण असं आहे. कम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यात, आत येणाऱ्या विजेचा खरखराट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याला आणि एक न्यूट्रलकडून पत्र्याला. अर्थिंग चांगलं असेल तर त्यांच्यातून येणारा किरकोळ करंट जमिनीत जातो. अर्थिंग तुटलं की पत्रा २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो, म्हणून माणसाला झिणझिण्यांवर भागतं. पण सिरियल केबलचं ग्राउंड त्याच पत्र्याला जोडलेलं असतं. तिकडे धर्मकाट्याचा प्लॅटफॉर्म म्हणजे जमिनीत रोवलेलं टनावारी लोखंड, आणि इंडिकेटरचं ग्राउंड केबलच्या शिल्डमधून, म्हणजे तारांभोवतीच्या धातूच्या जाळीतून, त्याला जोडलेलं. चालू कम्प्युटरला केबल लावली की दोन्हींतला फरक त्या इवल्या पिनांतून एका झटक्यात वाहतो. ५ नंबरची पिन आधी टेकली तर निभावतं. २ किंवा ३ आधी टेकली तर कन्व्हर्टरची चिप जाते.

आणि उन्हाळ्यातच का, तर केबिनच्या मागे जाऊन बघितल्यावर कळलं. अर्थिंगचा खड्डा काळ्या मातीत होता. मे महिन्यात ही माती सुकून आकसते आणि हात जाईल अशा भेगा पडतात. पाइपाभोवतीची माती सुटलेली, कोळसा-मिठाचा भराव कोरडाठाक, आणि वरची पट्टी गंजून क्लॅम्पमधून जवळजवळ निसटलेली. पावसाळ्यात ओल धरली की हेच अर्थिंग बऱ्यापैकी काम करायचं, म्हणून जुलैनंतर तक्रार बंद व्हायची आणि सगळे समजायचे की नवा कन्व्हर्टर चांगला निघाला.

इलेक्ट्रिशियनला बोलावून पट्टी आणि क्लॅम्प बदलले, खड्डा नीट भरला, दोन बादल्या पाणी ओतलं. परत मोजलं तर ९६ चा दीड व्होल्ट झाला होता. त्यानंतर तिथे दोन उन्हाळे गेले, तोच कन्व्हर्टर चालू आहे. कूलरची टाकी भरणारा पोरगा आठवड्यातून दोनदा एक बादली खड्ड्यात टाकतो.

तुमच्याकडे तपासायचं असेल तर आधी तीन पिनांचा प्लग बघा. अर्थिंगची जाड पिन कापलेली किंवा मधे दोन पिनांचं एक्स्टेन्शन लावलेलं मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की तेच पहिल्यांदा बघतो. मग पत्रा आणि काट्याचं लोखंड यांतला एसी व्होल्ट मोजा. दोन-तीनच्या आत असेल तर ठीक, दहावीस दिसले तर अर्थिंग बघायलाच हवं. खड्ड्याचं काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. आणि कृपा करून “अर्थिंग नाही तर न्यूट्रलला जोडून टाका” हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. बाहेर न्यूट्रल तुटला तर पूर्ण पत्रा जिवंत होतो, आणि मग विषय कन्व्हर्टरचा राहत नाही, माणसाचा होतो.

अर्थिंग सुधारूनही जून महिन्यातल्या विजांचा धोका राहतो. त्यासाठी आयसोलेटेड, म्हणजे मधे ऑप्टोकप्लर (तारेऐवजी प्रकाशानं सिग्नल पलीकडे देणारी चिप) असलेला कन्व्हर्टर घ्या. त्यात काट्याकडचं आणि कम्प्युटरकडचं ग्राउंड एकमेकांना जोडलेलंच नसतं. साध्यापेक्षा महाग आहे, पण धर्मकाट्यावर मी आता दुसरा लावतच नाही.

एक शक्यता लोक विसरतात. आजही बऱ्याच डेस्कटॉप मदरबोर्डवर दहा पिनांच्या जागेचा एक छोटा कॉम हेडर, म्हणजे उभ्या पिनांची जोडणी असते, फक्त मागे पोर्ट काढलेला नसतो. त्याला लागणारी पट्टीवाली ब्रॅकेट मिळते. तिच्या तारांच्या जुळणीच्या दोन जाती आहेत, चुकीची घेतली तर काहीच येणार नाही, म्हणून बोर्डाच्या पुस्तिकेतला नकाशा बघून घ्या. हा खरा कॉम १ असतो, नंबर बदलत नाही, झोपत नाही.

पावतीचा प्रिंटर

त्याच टेबलावर डॉट मॅट्रिक्स असतो, कारण तीन कार्बन प्रती दुसरा कुठला प्रिंटर काढत नाही. त्याची तक्रार थोडक्यात सांगतो. यूएसबी-टू-पॅरलल केबल लावली की विंडोजच्या नोटपॅडमधून छपाई होते, पण जुन्या डॉसच्या बिलिंगमधून होत नाही. ती केबल एलपीटी१, म्हणजे प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टाचं नाव, तयार करत नाही, यूएसबी००१ नावाचा वेगळाच पोर्ट करते, आणि डॉसच्या प्रोग्रामला फक्त एलपीटी१ माहीत असतो. प्रिंटर शेअर करा, मग कमांड प्रॉम्प्टवर नेट यूज या कमांडनं एलपीटी१ ला त्या शेअरचं नाव जोडा आणि पर्सिस्टंट यस करा, म्हणजे रीस्टार्टनंतरही टिकेल. ६४ बिटच्या विंडोजवर मात्र १६ बिटचे डॉस प्रोग्राम मुळात चालतच नाहीत, तिथे केबलशी झगडून उपयोग नाही. आणि प्रेसवाल्यांकडे पंचवीस पिनांच्या पॅरलल पोर्टाला मराठी डीटीपीचं लॉक लागायचं, म्हणजे ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही असा छोटा डबा. ते लॉक यूएसबी-टू-पॅरललवर चालत नाही. त्याला पोर्ट हेडर किंवा पीसीआय कार्डाचा खरा पोर्टच लागतो.

केबल लावायची आणि काढायची पद्धत

सिरियल, पॅरलल आणि माऊस-कीबोर्डचा गोल पीएस/२, हे तिन्ही पोर्ट चालू असताना काढाय-लावायसाठी बनलेलेच नाहीत. यूएसबी १९९६ मध्ये आलं आणि आपल्या हाताला वाईट सवय लागली. कम्प्युटर शटडाउन करा, इंडिकेटर बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करा, पण कम्प्युटरचा प्लग सॉकेटमध्येच राहू द्या. बटण फक्त फेज तोडतं, अर्थिंग जोडलेलं राहतं, आणि पत्र्यावर काही साठलं असेल तर ते जमिनीत जातं. मग केबल लावा, दोन्ही स्क्रू आवळा, आणि नंतर सुरू करा.

आभाळ भरून आलं आणि गडगडाट सुरू झाला की याच क्रमानं सिरियल केबल काढून ठेवा, आणि ती काढल्यावर प्लगही ओढा. त्या धर्मकाट्यावर मी इंडिकेटरच्या बाजूला एक कागद चिकटवला आहे: कॉम ३, ९६००, सात बिट, इव्हन, लाल पट्टीची खाच. वीज कडाडली तर ‘काटा बंद’ची पाटी बाहेर लावा आणि केबल काढा. पोरगा म्हणतो, ट्रकवालेही आता ती पाटी दिसली की गाडी बाजूला घेऊन चहा प्यायला जातात.